पाहुण्यांच्या बैठकीत बदकं

प्रिय मामा,

जय भीम. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. सून सासऱ्याला पत्र लिहिते म्हटल्यावर तुम्ही हसला असता. पण आज कासुर्डीहून संगीताचा फोन आला. तुमच्या लेकीनं सासरी भाताच्या खाचरात बदकं सोडलीत. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय कसं राहवेल?

इनामगावात कालव्याकडेच्या आपल्या तुकड्यात कायम पाणी साचायचं. ऊस पिवळा पडला, कांदा सडला. तुम्ही रेल्वेतून रिटायर होऊन आलात आणि म्हणालात, "पाणी हटत न्हाई ना? मग पाण्यातलंच पीक घेऊ." रेल्वेच्या पासावर कधीतरी बंगाल बघून आला होतात. भात, कडेच्या चरात मासे, वर बदकं. बदकं गवत आणि किडे खाणार, त्यांच्या विष्ठेवर मासे पोसणार.

आत्याबाई म्हणाल्या, "लेकीचं लग्न बघायचं सोडून ह्यांचं बदकाचं काय निघालंय?" पहिल्या वेळी तुम्ही बदकं लवकर सोडलीत. सगळी रोपं तुडवली त्यांनी. तुम्ही पुन्हा लावणी केलीत आणि रोपं मुळं धरेपर्यंत बदकं कोंडलेल्या डालग्यापाशी बसून त्यांची समजूत काढत राहिलात. आठवतं का?

आणि संगीताला बघायला पाहुणे यायच्या सकाळीच बदकं कालव्यानं पसार. तुम्ही त्यांच्या मागं. इकडं पाहुण्यांचे पोहे झाले, चहा झाला, मुलीच्या बापाचा पत्ता नाही. आलेलं स्थळ जातंय म्हणून आत्याबाईंचा जीव खालीवर होत होता.

तेवढ्यात बदकं थेट ओसरीवर, पाहुण्यांच्या सतरंजीवर शिरली. मागून तुम्ही, गुडघ्यापर्यंत चिखल.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हे काय हो?"

"सांगत न्हाई, दाखवतो. चला वावरात."

परतले तेव्हा त्यांचाही पायजमा चिखलानं भरलेला. म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. पण ही बदकं कुठं मिळत्यात?"

आत संगीताला विचारलं तर ती म्हणाली, "सगळे पाय आखडून बसले. मुलगा तेवढा सरकून बदकांना जागा देत होता. मला चालंल." आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

एक तक्रार आहे, मामा. बदकांना फक्त तुमचीच सवय का लावलीत? तुम्ही गेल्यावर ती माझ्या हाकेला वळेनात. शेवटी तुमचा जुना सदरा साडीवर चढवून बांधावर उभी राहिले. आली हो सगळी.

आता संगीता म्हणते, "वैनी, तूच ये. इथल्या बायकांना शिकायचंय." चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. तरी ह्या सोमवारी मी जाणार. शब्द देते, नुसतं बोलून परत येणार नाही. साडी खोचून पाण्यात उतरीन आणि त्यांनाही उतरवीन.

तुमची सून,
रंजना