नारळ, मुलगी आणि सोडणाचा भुसा

मुरूड, कोळीवाडा
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

श्रीयुत धर्माजीराव, व्याहीबुवा,

दिवेआगरच्या आपल्या वाडीला, वाडीतल्या माडा-पोफळींना आणि त्यांच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या आपणांस मुरूडहून सदाचा वाकून नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? वादळात आडवे झालेल्या माडांच्या जागी आपण लावलेली रोपं आता माणसाच्या डोक्यावर गेली असतील, असं आमचा शुभम, म्हणजे आपला जावई, सांगत होता. आमची सून (म्हणजे आपली हेतल) पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडे आहे म्हणून आम्ही इथे निर्धास्त आहोत. तिला म्हणावं, तुझ्या सासूने सुका जवळा पाठवलाय, पण तो वास सहन होत असेल तरच डबा उघड.

पत्र कशाला, फोन का केला नाही, असं आपल्या मनात आलं असेल. विषयच असा आहे की तो फोनवर काढता येत नाही. आपल्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो (मागच्या वेळी मी आपल्या मूळव्याधीची चौकशी केली तेव्हा पलीकडून तीन बायकांनी उत्तर दिलं होतं). तेव्हा हे पत्र आपण एकट्याने, शक्यतो वाडीच्या टोकाला जाऊन वाचावं. व्याह्याने व्याह्याला असल्या विषयावर पत्र लिहिल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही. पण मी ठरवलंय, आणि ठरवलं म्हणजे लिहिणारच.

न्हावा शेव्याला टगबोटीवर जन्म घालवून मी घरी बसलो आणि मुंबईच्या एका हौशी गृहस्थाने टाकून दिलेली शिडाची फायबर होडी घेतली, हे आपण जाणताच. आपण तेव्हा विचारलं होतंत की मासे धरत नाही, माल वाहत नाही, मग ही करते काय. उत्तर तेव्हा सुचलं नव्हतं. आता आहे. ही होडी आम्हा नवरा-बायकोला आमच्या नातवंडाच्या बारशाला घेऊन येणार आहे. आमचा घरचा सागवानी पाळणा मधे आडवा बांधायचा, सकाळच्या मतलई वाऱ्यावर शीड सोडायचं, जंजिरा उजव्या अंगाला ठेवून, दिघी मागे टाकून, दुपार कलते न कलते तोच आपल्या जवळच्या भरडखोलच्या बंदरात उतरायचं. ही कल्पना माझी नाही, आमच्या मंडळींची, कृष्णाबाईची आहे. एसटीत तिला पहिल्याच वळणाला लागते, हे एक कारण. दुसरं असं की ती जन्मभर टोपली घेऊन बंदरावर उभी राहिली, आलेली मासळी उतरवली, बाजारात बसून विकली, पण ज्या समुद्राने पोसलं त्याच्यावर अर्धा दिवस काही तिने काढला नाही. कारण साधं आहे. होडीवर पुरुष कडेला उभा राहतो आणि मोकळा होतो. बाईने काय करायचं? हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, ते तिने सांगितलं आणि मला फार वाईट वाटलं. तिने अट घातली की होडीनेच येईन, पण बसायला धड जागा केल्याशिवाय पाय ठेवणार न्हाय. तिने एकदा न्हाय म्हटलं की ते बाजारातल्या भावासारखं नसतं, खाली येत नाही.

शेवटी शब्द लिहूनच टाकतो: संडास.

होडीत मूळची एक सोय होती. बसायचं, दांडा वरखाली करायचा, की होडीच्या तळातल्या भोकातून सगळं समुद्रात. आता होडीला मुद्दाम भोक पाडणं आणि मग त्यातून समुद्र आत येऊ नये म्हणून झडप बसवणं, हा उद्योग ज्याने शोधला तो काही कोळी नसणार. झडप कुजली होती. एका सकाळी जाऊन पाहतो तर गाद्या पाण्यावर आणि होडी अर्धी पाण्याखाली. शिवाय आमचा नांगर जिथे पडतो तिथेच ओहोटीला कृष्णाबाईच्या जावा कालवं काढायला येतात. त्यांनी दांड्याची गोष्ट ऐकली आणि निरोप धाडला की खुशाल बसवा, फक्त त्यानंतरची पहिली कालवं आम्ही भावोजींनाच वाढू. ते भोक मी त्याच दिवशी बुजवलं.

मग वली आला. वली हा माझा शाळेपासूनचा दोस्त, हाताने सुतार, तोंडाने वकील. त्याचं म्हणणं, बादली ठेव. बादली कृष्णाबाईने नुसती बघितली आणि वलीकडे असं पाहिलं की तो बादली घेऊन घरी गेला. निळं औषध घालायची एक पेटी मिळते, तिचाही विचार झाला, पण ते निळं पाणी नंतर ओतायचं कुठे याचं उत्तर दुकानदाराकडे नव्हतं. असं करता करता मोबाइलवर एका गोऱ्या जोडप्याचा व्हिडिओ सापडला. ती दोघं शिडाच्या होडीवर राहतात आणि त्यांच्या संडासात पाणीच नसतं. सगळ्याचं खत होतं. बाई तर हातात ते खत घेऊन हसत होती. तयार माल परदेशातून मागवायचा तर होडीच विकावी लागली असती, म्हणून वलीने प्लायवूडचा घडवायचं ठरलं.

यातली विद्या आपल्याला सांगितली पाहिजे, कारण पुढे आपला संबंध येणार आहे. आपण त्यांना थोरलं काम आणि धाकटं काम म्हणू. हे दोघे भाऊ एकत्र नांदले की घराला वास येतो. वेगळे केले की दोघेही गुणी. म्हणून बसायच्या भांड्यात पुढे एक पन्हळ, तिच्यातून धाकटा आपला कॅनमध्ये. थोरला मागे, पिंपात. पिंपात कोरडा भुसा. काम झालं की वर आणखी मूठभर भुसा टाकायचा आणि बाजूचा दांडा फिरवायचा. वरून एक नळी बाहेर काढलेली, तिच्यात छोटा पंखा. इतकं सोपं आहे. मला आणि वलीला ते समजायला आख्खी दिवाळी गेली, पण आपण हुशार आहात.

आता घोटाळा ऐका. सगळं जुळवून झालं आणि मी उद्घाटनाला गेलो. जाताना हातात काय, तर टमरेल. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. जन्माची सवय. पाणी जायचं तिथेच गेलं, म्हणजे थोरल्याच्या कोरड्या बिऱ्हाडात. आणि वलीने तिथे भरलेला काथ्याचा भुसा पाणी पिऊन असा फुगला की दुसऱ्या दिवशी पिंपाचं झाकण वर आलेलं. व्हिडिओ पुन्हा लावला तेव्हा कळलं की ते गोरं जोडपं कागदवालं आहे. ही अडचण त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसेल. मी (चुकून) म्हणालो की अर्ध्या दिवसाचाच प्रवास आहे, कागदावर भागेल. कृष्णाबाई म्हणाली, कागदाने पुसून ती बारशाच्या पाळण्याला हात लावणार न्हाय. वली म्हणाला, त्याला नमाजाला उभं राहायचं असतं, त्यामुळे कागदाचं नावही काढू नकोस. एरवी ही दोघं कालवणात कोकम घालावं की चिंच यावर भांडतात. त्या दिवशी दोघं एका बाजूला आणि मी व माझा कागद एका बाजूला.

तेव्हा आम्ही तिसरं बिऱ्हाड केलं. पिंपाच्या शेजारीच छोटी मोरी. बसायचं इथे, मग धरायच्या दांडीला धरून बूड न उचलता बाजूला सरकायचं आणि पाणी घ्यायचं तिथे. ते पाणी तिसऱ्या कॅनमध्ये. परदेशात हे कुणाला सुचलंय की नाही देव जाणे, मुरुडात सुचलं.

सरकण्याची तालीम करताना मात्र एक प्रकार घडला. दार अजून बसलं नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. मी मधोमध, म्हणजे धड इथे नाही धड तिथे नाही, आणि जंजिऱ्याला पर्यटक नेणारी होडी शेजारून गेली. वाऱ्याने पडदा वर. तिकडून आख्ख्या होडीने हात हलवले. आता समोरून कुणी हात हलवला तर आपण हलवू नये हे मला बरं वाटत नाही, म्हणून मीही हात वर केला. तो दांडीचा हात होता. त्यांच्या होडीची लाट आली आणि मी मोरीत उताणा. त्यांच्यापैकी कुणी ते मोबाइलवर घेतलं असल्यास आणि ते आपल्या पाहण्यात आल्यास, तो माणूस मी नाही असं आपण हेतलला सांगावं.

मग दार बसवलं. सागवानी, भक्कम. कृष्णाबाईचा सुरुवातीपासून एकच प्रश्न होता, दाराला कडी कुठे आहे? पंख्याबद्दल नाही, नळीबद्दल नाही, कडीबद्दल. आम्ही म्हणायचो, बसवली आहे, बसवली आहे. आणि बसवली होतीच, बाहेरून. लाटेवर दार आपटतं, म्हणून होडी रिकामी असताना ते बाहेरूनच अडकवावं लागतं. टगबोटीवर मी सगळी दारं तशीच पाहिली. आत माणूस असला तर तो हाताने धरील, असा आमचा दोघांचा हिशोब.

एका शुक्रवारी मी आत बसून पंख्याची वायर जोडत होतो. वलीला जुम्म्याच्या नमाजाची घाई. जाता जाता त्याने दार आपटताना ऐकलं, सवयीने कडी घातली आणि होडकं वल्हवत किनाऱ्याला गेला. मी ओरडलो, ठोकलं, पण आजूबाजूला ट्रॉलरची इंजिनं. बसायला जागा होती एवढंच समाधान. भूक लागून डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा बाहेर वल्ह्याचा आवाज आला. मी जेवायला आलो नाही म्हणून कृष्णाबाई पुतण्याचं होडकं घेऊन स्वतः डबा द्यायला निघाली होती. धड जागा झाल्याशिवाय पाय ठेवणार न्हाय म्हणणारी बाई, पण मी उपाशी आहे म्हटल्यावर चढली. तिने कडी काढली, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली,

"अवो, कवापासून इचारतेय मी, कडी आतून हाय का भायेरून?"

तिने माझ्या हातातला पाना-पेचकस घेतला, कडी काढली, आतल्या अंगाला बसवली, आत गेली आणि लावून घेतली. मी डबा धरून बाहेर. डबा गार होत आला. मी घाबरून विचारलं, बरी आहेस ना. आतून उत्तर आलं, बसलेय मी, गप ऱ्हावा. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाळणा पुसून ठेवा." धर्माजीराव, टगबोटीवर मी मोठमोठी जहाजं धक्क्याला लावली, पण इतका आनंद मला एकाही जहाजाने दिला नव्हता.

तेव्हापासून कसून चाचणी चालू आहे. पिंप चांगलं भरत आलंय आणि वास म्हणाल तर नावालाही नाही. वलीसुद्धा आता लोकांना सांगतो की ही कल्पना त्याचीच. बाळ आलं की बारशाची तारीख कळवावी, आम्ही शिडाने येतोय. वारा पडला तर वल्हवत येऊ. घरातल्या थोरांना नमस्कार, हेतलला आशीर्वाद, आपल्या गुडघ्याला जपावं.

आपला व्याही,
सदा

ता. क. लग्नाच्या बैठकीत मी चार माणसांसमोर म्हणालो होतो की आम्हाला नारळ आणि मुलगी, याउपर एक काडी नको. तो शब्द मी आजही मोडत नाही. पण वलीचा भुसा संपला आहे, आणि आपल्या वाडीत नारळाच्या सोडणांचा ढीग बंबाखाली जळत असतो. त्यातला कुटून, चाळून, कडकडीत वाळवलेला भुसा तीन-चार गोणी मिळाला तर प्रवास निर्वेध होईल. नारळ तेव्हा घेतला होता, हे त्याचंच वरचं साल आहे असं समजावं. याला कुणी हुंडा म्हणू नये.

ता. क. दुसरा. फुकट नको. पिंपातला माल वर्षभर मुरला की माडाला सोनं. बारशाला येताना पाळणा आणि पिंप दोन्ही घेऊन येतो. वादळानंतरच्या रोपांमागे, विहिरीपासून लांब, एक खड्डा काढून ठेवावा. पाहुण्यांना काही सांगू नये. हा आहेर नव्हे.

(इथून पुढे कृष्णाबाईचं अक्षर आहे. मी पाकीट चिकटवत होतो, तिने ओढून घेतलं.)

इवायबुवांना आणि इनबाईंना नमस्कार. ह्यांनी लिवलंय ते समदं खरं, फकस्त चाचणीचं खोटं हाय. हे आन वलीभाई दोघंही काम आलं की होडकं घेऊन घरी पळत येतात. पिंपात जे हाय ते समदं माझं हाय. मी रोज सकाळी जाते. घरी जल्मभर दाराभायेर कोणतरी खोकत उभं आसतं. थितं कोण नसतं, फकस्त पाणी वाजतं.

इनबाई, परतताना तुमी पण चला आमच्याबरोबर चार दिस. कडी आतून हाय.