गाडीतली खरखर

सोमवार, ३ मार्च
पुन्हा खरखर! "नमस्कार, मी—" एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसती पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. ऑफिस येईपर्यंत तेच. सकाळच्या ह्या रस्त्यावर तेवढा लेकीचा आवाज नीट कानावर पडतो. फोन करते, नाही असं नाही, पण "बरी आहे, जेवले" ह्याच्या पुढे काही नाही. रेडिओवर मात्र हसते.

घरात तिचं स्टेशन लावायची सोय नाही. बँकेतली नोकरी सोडून ती दुसऱ्या गावी रेडिओवर गेली, तेव्हापासून ह्यांनी अबोला धरलाय. "बडबड करायला कोणी पगार देतं का!" तीही बापाचीच लेक — बाबा बोलावतील तेव्हाच येईन म्हणे. मधल्यामध्ये मरण माझं.

बुधवार, ५ मार्च
गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने टपावरची एरियल हलवली, काढली, नवी बसवली. तिथे तिचं स्टेशन कसं खणखणीत लागलं! "घ्या ताई, झालं काम." कोपऱ्यावर वळले — खरखर. उतरून चाकाला लाथ मारली. पाय ठणकतोय.

गुरुवार, ६ मार्च
परत गेले. परत तिथे खणखणीत! "माझ्याकडे तर वाजतोय, ताई." म्हणजे मीच खोटारडी. वर सल्ला — "लांबचं स्टेशन आहे, दुसरं ऐका ना." दुसरं ऐका म्हणे! दुसऱ्या स्टेशनवर माझी मुलगी आहे का?

शुक्रवार, ७ मार्च
ह्यांना सहज म्हटलं, गाडीत रेडिओ नीट लागत नाही. "बातम्या तर लागतात." पेपरातून डोकं वर नाही. स्वतः टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतात की शेजारी आमच्या बातम्या ऐकतात. ह्यांना काय कळणार!

सोमवार, १० मार्च
सापडलं!!! मागून कोणीतरी ठोकलं म्हणून ह्यांनी गेल्या महिन्यात काचेला कॅमेरा लावलाय ना, तो! त्याची पिन लायटरच्या भोकात असते. इलेक्ट्रिशियन दोन्ही वेळा ती काढून तिथे आपला दिवा लावत होता, आणि काम झालं की गुणी बाळासारखी परत खोचून देत होता! आज सिग्नलला पिनेकडे बघता बघता डोक्यात उजेड पडला. उपटली — खरखर गायब! लेक सांगत होती, पुलावर गर्दी आहे, सावकाश चालवा. "हो गं बाई," मी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या गाडीतला बघायला लागला. बघू दे.

मंगळवार, ११ मार्च
पिन काढून ठेवते म्हणावं तर "का?" येणार. मग स्टेशन निघणार, मग भांडण. नकोच ते. उतरताना पिन परत आत, रेडिओ परत बातम्यांवर. स्वतःच्याच गाडीत चोरासारखं! चीड येते नुसती.

शुक्रवार, १४ मार्च
उद्या शनिवार. तिचा कार्यक्रम असतो, मला सुट्टी, आणि गाडी ह्यांच्या ताब्यात. काय निमित्त काढू?

शनिवार, १५ मार्च
म्हटलं, आज भाजी मी आणते. "तू बस, मी जातो." किल्ली घेऊन गेलेसुद्धा! सकाळ सगळी बाजारात घालवली आणि आणलं काय — चार लिंबं! चारही ओट्यावर आपटली.

सोमवार, १७ मार्च
किल्ली फिरवली आणि दचकले. आवाज पार शेवटपर्यंत वर. बातम्या नाहीत — लेकीचं स्टेशन! कॅमेऱ्याची पिन बाहेर लोंबत होती. शुक्रवारी मी माझ्या हाताने आत खोचली होती.

आवाज कमी केला नाही.