कौसल्याबाईंच्या मिटलेल्या पापण्या

मंगळवार, संध्याकाळ. समुद्रपूर

निराधार पेन्शनच्या अभ्यासासाठी आज एका खेड्यात गेले होते. हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्यांनी मोबाइलसमोर पापणी लववायची, तरच त्या जिवंत! कुणाच्या डोक्यातून निघालं हे? तिथल्या कौसल्याबाई नावाच्या आजींनी डोळे मिटले, ते मिटलेच. सेवा केंद्रातली बाई वैतागली, "आजी, उघडा न डोळे! पेन्शन बंद होऊन जाईन."

"थांब वं बाई. कापूस फुटला. माही माय वेचून राह्यली, मले आवाज देऊन राह्यली."

मग आजींनी सावकाश डोळे उघडले आणि फोननं त्यांना जिवंत ठरवलं.

अहवालात यातलं काय लिहू? मघापासून मीही पापण्या मिटून बसलेय. मला कुणीच आवाज देत नाही.