कोरड्या पोलादाचा आकडा

सिडको, नाशिक
१२ ऑक्टोबर २००६

प्रिय मुस्तकीम,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडू नकोस. मालेगावच्या वर्कशॉपात सवड मिळेल तेव्हा वाच, पण पुरतं वाच.

सिन्नरचा आपला कारखाना आहे तसाच आहे. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर अजून चपला काढाव्या लागतात. तेलकट पायांनी खालच्या शॉपमधलं कुणी आत येत नाही, आणि आम्ही शहाणे गार हवा सोडून खाली जात नाही. गेल्या आठवड्यात साहेबांनी दोन वर्षांपूर्वीची तीच वजन उचलायची चौकट पुन्हा तपासायला दिली. दोन प्लेटा, लांबट भोकं, चार बोल्ट. प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबल्या की सगळा भार घर्षणावर. सॉफ्टवेअर विचारतं, हे घर्षण किती धरू? तेव्हा मी पुस्तकातून कोरड्या पोलादाचा आकडा उचलून भरला होता, शून्य पूर्णांक तीन.

या खेपेला एक माप घ्यायला खाली उतरलो, तर सोमा फिटर जोडणीआधी प्लेटांवर तेलाचा बोळा फिरवत होता. विचारलं तर म्हणाला, "गंज चढाया नको ना सायेब. पयल्यापासून आसंच करतो आमी." वर येऊन आकडा तेलकट पोलादाचा, शून्य पूर्णांक एक केला आणि पडद्यावर चौकट घसरली. तुझ्या चाचणीत घसरली होती त्याच भाराला, चारही बोल्ट पूर्ण आवळलेले असताना.

तू तेव्हा एवढंच म्हणाला होतास, "महेश, बोल्ट मी दोनदा आवळलेत." मला ते खरंच वाटलं होतं रे. पण माझं गणित चुकेल कसं, ही गुर्मी. नोकरी तुझी गेली.

आज सकाळी साहेबांना सगळं लेखी दिलं. चौकशीच्या अहवालातलं 'बोल्ट सैल होते' हे वाक्य मीच लिहिलं होतं, मुस्तकीम. तुला ते ठाऊक नव्हतं, म्हणून तर जाताना मला मिठी मारून गेलास. अहवाल बदललाय, तुला परत बोलावणं येतंय. माझं काय ते सोमवारी ठरेल. पण किती मोकळं वाटतंय म्हणून सांगू! संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी इथल्या वडाळा गावात तुझ्या अम्मींकडे जाऊन त्यांनाही सांगितलं. त्यांनी आधी माझ्या हातावर खजूर ठेवला, मग रडल्या. ईदला येशील तेव्हा आधी माझ्या दोन कानाखाली वाजव, मग बोलू.

अजूनही म्हणू देणार असशील तर,
तुझाच,
महेश