बेंचचे पाय

भेस्तान, सुरत
ता. १२ फेब्रुवारी १९९७

सुषमावहिनीला लखनचा रामराम. आम्ही सगळे मजेत. तू कशी, छकुली कशी? तिच्या नाकाला काकाच्या नावाने एक टिचकी मार, हळू मार. नंदुरबारला तुझ्या माहेरी सगळ्यांना नमस्कार.

आता ऐक, भारी खबर आहे. आपल्या घरात जेवायचं टेबल आलं! माझी सायकल उभी राहायची ना, तिथे. सायकल बिचारी बाहेर गेली.

टेबल ठरलं, पण बसायचं कशावर यावर घरात रोज कटकट. गजादादाला खुर्च्या पाहिजे, त्याच्या मिलच्या शेठकडे आहेत तशा. आई म्हणाली, चार बस झाल्या. मी बोटांवर मोजून दाखवलं, आप्पा, आई, दादा, मी. मग म्हटलं, आणि वहिनी? आप्पांनी चप्पल घातली, म्हणाले चल, बेंच बघू.

तुझ्या पंगतीचा तो दिवस मी काढणारच नव्हतो. आता निघाला तर निघाला. छकुली पोटात, तुला भूक लागली, तू आम्हा पुरुषांबरोबरच पंगतीत बसली, आणि आप्पा भरल्या ताटावरून उठले. बाळंतपणाला गेली ती गेलीच. दादा आणायला आला तर म्हणाली, सगळ्यांबरोबर माझं ताट वाढाल तेव्हा येईन. दादाने घरी तसंच सांगितलं, मान खाली घालून.

तर पांडेसराला रमणभाई सुतार. त्याच्याकडे एक लांब बेंच, पाय पार आत मधे लावलेले. बघूनच मला किडा चावला. आप्पांना म्हटलं, तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला, वजन घेतो का बघू. बसले. मी फटकन उठलो. बेंच वर, आप्पा खाली भुशात, टोपी तिसरीकडेच. रमणभाई पळत आला, "काका, वाग्युं तो नथी ने?" लागलं नव्हतं. मी आपला गाल तयार ठेवून उभा.

पण आप्पांनी मारलंच नाही. भुशात बसून त्या उलट्या बेंचकडे बघत राहिले. मग रमणभाईला म्हणाले, "पाय टोकाला लाव. एक उठला म्हणून दुसरा पडायला नको."

घरी येईपर्यंत माझ्या सायकलवर मागे बसून टोपीचा भुसा झटकत होते.

काल बेंच आले, दोन. आईने कपाळावर हात मारला, "सून आनि सासरा एकच फळीवर बसतीन का?" आप्पा म्हणाले, म्हणून तर दोन आणले, समोरासमोर बसू, तू पहिले बस. तिला हात धरून बसवलं. आई जन्मात पहिल्यांदा त्यांच्याबरोबर जेवली, सारखी वाढायला उठू बघे. शेवटी आप्पांनी भात स्वतः घेतला, अर्धा टेबलावर. मी हसलो, तेव्हा मात्र टपली बसली.

मी कितीदा तरी फटकन उठून पाहिलं, दादा पडतच नाही. एकदम बेकार बेंच आहे, काही मजा नाही.

आप्पांच्या समोरची जागा मी धरली होती, तिथून मला हाकललं. आता हे लिहितोय तर बाजूने जाताना म्हणाले, "लिही तिला, मी उठणार नाही."

गाडी कळव. उधना स्टेशनला मी उभा राहीन, छकुलीला मीच घेणार.

तुझी जागा सोडून बसणारा
तुझा दीर
लखन