बाबांच्या हेडफोनचं मशीन

आई,

बाबांच्या हेडफोनचा जुना अॅम्प्लिफायर टेबलावर उघडा हाय. तू हात लावू नको, त्यांनाही लावू देऊ नको. लाइटची वायर काढली तरी कपॅसिटरमधे करंट राहतो. बाबा आधी हेडफोन कानाला लावतात अन् मग बटन दाबतात, म्हणून वायर मी सोबतच नेलीय.

जुने कपॅसिटर फुगले होते, ते मी पहिल्यांदाच बदलले. उलटा बसला तर फुटतो म्हणतात, म्हणून लय भीत भीत चालू केलं. काही फुटलं न्हाई. पण सकाळी बाबांनी ऐकलं अन् म्हणाले, "सुकेशनी, आवाज तसाच बसलेला हाय गं." मी म्हणलं, परत बघते.

मी परभणीला कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावायला जायलेय. बाबांनी विचारलं तर पार्ट आणायला सेलूला गेली म्हण.

ते अंघोळीला गेल्यावर, मशीन परत खोलायच्या आधी, त्यांचाच हेडफोन मी लावून बघितला. आई, दोन्हीकडून आवाज लख्ख येत होता.

सुकेशनी