रक्तात रेशमाचा किडा

हैदराबाद

बाबा, पाया पडते. मी मजेत आहो, जेवण बरोबर आहे. मागावर बसून तुमची पाठ दुखून राहिली का अजून?

इथं मले एक समजून नाही राहिलं. आमची मशीन रोग्यांच्या रक्तातले प्रोटीन मोजते अन् कोणत्या जीवाचे, तेही सांगते. परवापासून माणसाच्या रक्तात आपल्या कोशाच्या रेशमाचा किडा दाखवून राहिली! सॅम्पल वाया चालले. सरांनी विचारलं, रेशीम कोण घालते? कोणीच नाही. तुम्ही विणलेला कोशाचा दुपट्टा तं मी लॅबमधी कधी नेलाच नाही.

फक्त उशीवर अंथरते. त्याच्याबिगर झोप येत नाही. हे आईले नका सांगू.

केस धुतले, टोपी घातली, तरी मशीनमधी तो किडा येऊनच राहिला. सांगा बाबा, आता मी काय काय धुवू?

तुमची करुणा